डोक्यावर पिशवी घातलेला लिमरिककर

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी आयर्लंडमध्ये, लिमरिकला असतो. “आई, इथली माणसं कळायला हवीत तर हे ऐक,” म्हणून त्याने एक पॉडकास्ट पाठवला. फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी! बोलणं निम्मं कळत नाही, शिव्या मात्र सगळ्या कळतात. मधेच शिट्टीसारखं काहीतरी वाजतं. मला वाटलं मोबाइल बिघडला. यात ऐकायचं तरी काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : मोबाइल ठणठणीत आहे. ती शिट्टी म्हणजे ओकारिना, मातीचं फुंकवाद्य. पुढे जाहिरात येऊ शकते, तुम्ही दचकू नये, म्हणून हा गृहस्थ आधी ती वाजवतो. इतकी काळजी घेणारा जाहिरातवाला मी तरी दुसरा पाहिला नाही.

हा ‘द ब्लाइंडबॉय पॉडकास्ट’. ब्लाइंडबॉय बोटक्लब हे अर्थातच घेतलेलं नाव. पूर्वी तो ‘रबरबँडिट्स’ या लिमरिकच्या विनोदी जोडीत होता. 2010 मध्ये त्यांचं घोड्यावरचं एक गाणं तिथे तुफान गाजलं. पिशवी त्या जोडीच्या काळापासूनची. ती काढली की त्याला कोणी ओळखत नाही, दुकानात निवांत जाता येतं. (गंमत म्हणजे 2002 पासून आयर्लंडमध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर कर आहे, सुरुवातीला 15 सेंट होता. पिशवी तिथे फुकटची वस्तू नाही!)

मी लिमरिकला तीन वर्षं काढली. पहिला महिना बसवाल्यालाही तीन-तीनदा ‘काय?’ विचारायचे. मग कान बसला. तिथल्या बऱ्याच जणांच्या तोंडी ‘थँक्स’चं ‘तँक्स’ होतं, ‘दॅट’मधला द तर थेट आपल्या दगडातला. आणि तो ‘ये’ म्हणाला तर बोलावतोय असं समजू नका. ते ‘तुम्ही सगळे’. शिव्यांचं म्हणाल तर तिथे त्या रागातच दिल्या जातात असं नाही. सूनबाई शेजारी असतील तर हेडफोन लावा.

2017 च्या ऑक्टोबरपासून हे दर आठवड्याला चालू आहे. ज्यांना जमेल ते श्रोते महिन्याला एका कॉफीचे पैसे देतात. ज्यांना जमत नाही त्यांना तो स्वतःच सांगतो, फुकट ऐका, तुमचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेत. त्यामुळे विषय कोणता घ्यायचा हे जाहिरातदार ठरवत नाही. मग आयरिश पुराणकथेतून निघालेला माणूस चित्रकलेत शिरतो, मधेच स्वतःची गोष्ट वाचून दाखवतो. मला सगळ्यात आवडतं ते त्याचं मनाच्या आजारांवरचं बोलणं. तरुणपणी त्याला घराबाहेर पडायचीच धास्ती वाटायची. मोठेपणी ऑटिझमचं निदान झालं. हे सगळं तो पाणी भरताना शेजाऱ्याशी बोलावं तसं सांगतो.

अगदी पहिल्या भागापासून सुरू करा, आणि रात्री, दिवा मालवून. मुलाचा फोन आला की विचारा, “युर्टी अहर्न दिसला का रे?” ते नदीतलं पाणमांजर आहे. ब्लाइंडबॉयनेच त्याचं बारसं केलं, माजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांच्या नावावरून.