‘भूमिका’मधली स्मिता पाटील ‘हंसा वाडकर’ वाटत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या मराठी चित्रपटांतल्या नटी हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र वाचून संपवलं आणि त्याच आठवड्यात त्यावरून श्याम बेनेगलांनी केलेला ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट पाहिला. पुस्तकातली हंसाबाई मनमोकळी, फटकळ, स्वतःच्या चुका हसत सांगणारी. पडद्यावरची स्मिता मात्र सारखी धुमसत असलेली, कोरडी. शिवाय तमाशाच्या चित्रपटांची नायिका म्हणून तिच्या नाचात जो ठसका हवा तोही नाही. मग स्मिताला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार कशासाठी मिळाला, असा तुमचा प्रश्न.

हा वाद मला नवा नाही. श्याम बेनेगल डिसेंबर २०२४ मध्ये गेले, त्यानंतर दादरच्या एका छोट्या सभागृहात आम्ही चाळीसेक जणांनी मिळून हा चित्रपट पाहिला. संपल्यावर कुणी उठेचना. बँकेतून निवृत्त झालेले एक काका अगदी तुमच्यासारखंच म्हणाले, की बाईच्या कमरेत लावणी नाही. कॉलेजातल्या एका मुलीला तो राग, ते धुमसणंच सगळ्यात जास्त आवडलं होतं. आणखी एक गृहस्थ म्हणाले की नवरा एवढा काही वाईट दाखवलेला नाही, तीच स्थिर नाही. त्यावर मागच्या रांगेतल्या तीन बायका एकदम बोलायला लागल्या. शेवटी वॉचमन दिवे घालवायला लागला तेव्हा आम्ही जिन्यात आलो आणि तिथेही अर्धा तास उभे होतो. त्या दिवशी मी फारशी बोलले नाही. जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

आधी माझ्या आजीबद्दल सांगायला हवं, कारण तुमचं म्हणणं तेच तिचं म्हणणं होतं. आजी लालबागची, आजोबा गिरणीत. ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ चा. आजीने तो तीनदा पाहिला होता, आणि त्यातल्या ‘बया’बद्दल, म्हणजे ते काम करणाऱ्या हंसा वाडकरबद्दल, ती शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलायची. ‘हंसा नुसती बघायची गं, थेटरात माणसं गप्प व्हायची.’ पुढे टीव्हीवर ‘भूमिका’ लागला तेव्हा ती मांडी घालून समोर बसली आणि तासाभरात उठली. ‘ही आमची हंसा नव्हे’ म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. मी तेव्हा शाळेत होते. ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मनात धरून होते, आणि स्मिता पाटीलचं बाकी सगळं काम आवडत असूनही या भूमिकेपुरती मी आजीच्या बाजूची होते.

माझं मत बदललं ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना. हंसाबाईंचा जन्म १९२३ चा. त्यांनी आपली कहाणी अरुण साधूंना सांगितली, ती ‘माणूस’ या नियतकालिकातून आली आणि पुढे राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढलं. म्हणजे बोलतेय ती चाळिशी ओलांडलेली बाई. लग्न, संसार, दारू, माणसं, स्टुडिओ, सगळं होऊन गेलंय. १९५९ च्या ज्या ‘सांगत्ये ऐका’चं नाव या पुस्तकाला दिलं, तो चित्रपटही मागे पडलाय. लपवावं असं काही उरलेलं नाही, म्हणून ती मोकळी आहे. पुस्तकात आपल्याला जे हसू ऐकू येतं ते या वयातलं आहे. सोळाव्या, विसाव्या, पंचविसाव्या वर्षी ती बाई अशी बोलू शकत होती का? पुस्तकच जरा नीट वाचा. त्या त्या प्रसंगात ती बहुतेक गप्प आहे, नाहीतर भांडतेय, नाहीतर घर सोडून निघालीय. त्यावर तिचं बोलणं नंतरचं आहे.

स्मिता पाटीलने या आधीच्या वर्षांची बाई केली आहे. चित्रपटात कुणी निवेदन करत नाही, घडलेल्या गोष्टीवर मागाहून हसणारी कुणी नाही. जे चाललंय ते तिच्या अंगावर आत्ता येतंय. तुम्हाला जो कोरडेपणा वाटला तो मला आता तोंड दाबलेल्या माणसाचा वाटतो. म्हणून पुस्तकातल्या आवाजाशी तिची तुलना केली की ती नेहमी उणी पडणार. मुळात बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी पटकथा करतानाच नावं बदलली. घरात ती उषा, पडद्यावर ऊर्वशी. हंसा वाडकर या नावाचं पात्र चित्रपटात कुठेच नाही.

आता नाचाबद्दल. या मुद्द्यावर मी थोडी तुमच्याकडे झुकते, पण पूर्ण नाही. स्मिता पाटील कलावंतांच्या घरातली नव्हती. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, राष्ट्र सेवा दलाचे संस्कार, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी मुलगी. लावणीचा तो बाज, ते लहानपणापासून अंगात मुरलेलं वळण तिच्याकडे नाही, आणि जाणत्या माणसाला ते दिसतंच. बँकेतल्या काकांचं डोकं त्या बाबतीत बरोबर चालत होतं. पण चित्रपट सुरू होतो तो नाच बैठकीतला किंवा फडावरचा नाही, स्टुडिओतल्या सेटवरचा आहे. तिथे एक नटी कॅमेऱ्यासाठी नाचतेय. तिचं हसू चेहऱ्यावर बेतून बसवलेलं आहे, आणि शॉट संपला की ते कुठे जातं ते पाहा.

मला हे कळायला स्वतः धडपडावं लागलं. कामगार नाट्यस्पर्धेत आमच्या केंद्राच्या एकांकिकेत मी एकदा जुन्या संगीत नाटकातल्या नटीचं काम केलं होतं. नाटकातलं नाटक होतं. दोन महिने मी ती नटी रंगमंचावर कशी गाते, कशी मुरकते याच्यावर मेहनत घेतली. ते जमलंही. पण विंगेत आल्यावर ती पाणी कसं पिते, पैंजण सोडताना कुणाशी काय आवाजात बोलते, हे येईना. दोन्हीकडे एकच बाई दिसायची. तालमीत आमचे दिग्दर्शक सारखे सांगायचे, ‘आत आलीस की खांदे पाड.’ एवढी साधी गोष्ट, पण प्रयोगाच्या दिवसापर्यंत मला ती साधली नाही. स्मिताचं काम मी तेव्हापासून वेगळ्या डोळ्यांनी पाहते. ऊर्वशी पडद्यावर चाळीसच्या दशकातल्या नटीसारखी बोलते, जरा गोल, जरा ठरवून. उषा घरी मराठी वळणाचं हिंदी भराभर बोलते. मधे कुठे सांधा दिसत नाही. आणि हे तिने एकवीस-बावीस वर्षांची असताना केलं. १९५५ चा जन्म आणि चित्रपट १९७७ चा. त्यात तिला अल्लड मुलीपासून लग्नाच्या मुलीच्या आईपर्यंत जायचं होतं.

तिच्या आजूबाजूला कोण आहेत तेही बघायला हवं. आईच्या कामात सुलभा देशपांडे. नवरा केशव दळवी म्हणजे अमोल पालेकर. त्या काळात पालेकर म्हणजे साधा, लाजरा, आपल्यातला वाटणारा नायक, ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’मधला. तोच चेहरा इथे बायकोच्या कमाईचे हिशेब बघतो, तिच्या वतीने करार करतो, आणि लग्नानंतर ती चित्रपट सोडून घर सांभाळायचं म्हणते तेव्हा तिला सोडू देत नाही. सभागृहातल्या त्या गृहस्थांना केशव वाईट वाटला नाही, याचं कारण बहुधा हेच. आवाज न चढवता छळणारा माणूस आपल्याला ओळखता येत नाही. म्हणून स्मिताचा राग विनाकारण वाटतो आणि ती ‘अस्थिर’ ठरते. मागच्या रांगेतल्या बायकांना तो लगेच ओळखता आला होता.

पण मला ज्याबद्दल मुख्यतः लिहायचंय तो भाग काळेंच्या वाड्यातला आहे. तुम्ही तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखही केलेला नाही, म्हणून सांगते. विनायक काळे म्हणजे अमरीश पुरी. गावातला मोठा जमीनदार, घरात आई, अंथरुणाला खिळलेली बायको, एक मुलगा. उषा मुंबई सोडून तिथे जाते आणि रमते. सगळ्या चित्रपटात स्मिता इथेच सगळ्यात शांत आहे. जे घर तिला केशवबरोबर मिळालं नाही ते मिळाल्यासारखं ती वावरते. कुणाची आई, कुणाची सून, स्वयंपाकघरातली एक बाई. तुम्ही म्हणता ना की ती हसतच नाही, इथे हसते. तेही मोकळं, सेटवरच्या त्या हसण्याशी त्याचं काही नातं नाही. मग एके दिवशी जवळच जत्रा भरते. मुलाला घेऊन जाऊन येते, असं ती सहज म्हणते. आणि तिला कळतं की या घरातल्या बायका उंबरठा ओलांडत नाहीत.

जत्रेला जाणं ही केवढी गोष्ट! मुंबईत लाखो लोक जिला तिकीट काढून बघतात, तिला पाळण्यात बसायला परवानगी मागावी लागते, आणि ती मिळत नाही. काळेंच्या दृष्टीने यात चर्चा करण्यासारखं काही नाहीच, घराची रीत आहे. स्मिता इथे रडून गोंधळ घालत नाही. आधी तिला ते खरंच वाटत नाही, मग हळूहळू ध्यानात येतं की आपण आपल्या पायांनी चालत कुठे आलोय. शेवटी तिथून सुटायला तिला केशवलाच कळवावं लागतं. ज्याच्यापासून पळाली त्यालाच. तो पोलीस घेऊन येतो. निघताना काळेंची आजारी बायको तिला जे सांगते, की घरं बदलतील, चुली बदलतील, पुरुष तोच राहील, ते ऐकतानाचा स्मिताचा चेहरा बघा. ती मान डोलवत नाही, उलट बोलत नाही. खोलीतली एक बाई दुसऱ्या बाईचं फक्त ऐकून घेते. राष्ट्रीय पुरस्कार कशाचा, असं कुणी मला विचारलं तर मी हा सगळा भाग दाखवेन.

आता तुमच्या बाजूचं एक म्हणणं मला मनापासून मान्य आहे, आणि ते मला आजही खुपतं. हंसाबाईंच्या पुस्तकात काम करण्याचा आनंद आहे. ‘संत सखू’चं प्रभात, मालाडचं बॉम्बे टॉकीज, शांतारामबापूंचं राजकमल, तिथली शिस्त, तिथली माणसं, एखादं दृश्य साधलं की होणारा हर्ष. चित्रपटात स्टुडिओ आहे, सेट आहेत, गोविंद निहलानींनी बालपणाचा काळ कृष्णधवलात फार सुंदर टिपलाय, पण अभिनय ही गोष्ट या बाईला आवडत होती की नाही, ते मला त्यात सापडत नाही. जणू काम म्हणजे निव्वळ तिच्यावर आलेली सक्ती. मराठी चित्रपटसृष्टीचं ते सगळं जगच हिंदीत आणताना गळून पडलं. पण याचं माप स्मिताच्या पदरात घालू नका. पटकथेत जे नाही ते नटीने कुठून आणायचं? उलट मला वाटतं, पहिल्या नाचात ती जेवढी झोकून देते तेवढाच त्या आनंदाचा पुरावा चित्रपटात उरलाय, मग कमरेत लावणी असो वा नसो.

आजीचं राहिलंच. शेवटच्या वर्षांत तिला वाचता येईना, तेव्हा मी तिला ‘सांगत्ये ऐका’ वाचून दाखवलं. लालबागचे दिवस, जुनी गाणी, यावर ती मधेमधे बोलायची. पण हंसाबाई परगावी एका माणसाच्या घरात अडकून पडल्या, ते प्रकरण आलं तशी ती एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘म्हणजे आम्ही थेटरात बघत होतो तेव्हा हे चाललं होतं?’ मी म्हटलं, ‘काही तेव्हा, काही नंतर.’ मग तिने विचारलं, ‘ती शिवाजीराव पाटलांची पोर, तिने हे केलं होतं का त्या पिक्चरमध्ये?’ मी हो म्हटलं. तिने तो चित्रपट परत लावायला सांगितला नाही. पण ‘ही आमची हंसा नव्हे’ असंही ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

शेवटचं दृश्य आठवतंय ना तुम्हाला? मोठी झालेली मुलगी आईला बरोबर चल म्हणते, उषा जात नाही. हॉटेलच्या खोलीत ती एकटी राहते. तुमच्या आवडीची हंसाबाई या खोलीतून अजून बाहेर पडायची आहे. ती कुणासमोर तरी बसून ‘सांगत्ये, ऐका’ म्हणेल, त्याला अजून कितीतरी वर्षं आहेत.

तुम्हाला सवड असेल तर एवढं करा. पूर्ण चित्रपट नको, फक्त काळेंच्या वाड्यापासून पुढचा भाग पुन्हा बघा, आवाज जरा मोठा ठेवून, कारण तिथे ती फार हळू बोलते. जत्रेच्या प्रसंगानंतरही ती तुम्हाला कोरडी वाटली तर इथे खाली जरूर लिहा. मला तुमचं ऐकायला आवडेल.