सरकारी वकिलीतून अभियोग संचालनालयाकडे: नवख्यांसाठी

अभियोग संचालनालय म्हणजे सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख ठेवणारी राज्याची यंत्रणा; तिथल्या संचालकपदाचं आत्ता डोक्यात नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 20 प्रमाणे संचालक किंवा उपसंचालक व्हायला 15 वर्षांची वकिली लागते (किंवा सत्र न्यायाधीशपद), सहायक संचालकाला 7. सुरुवात दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात, सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून.

तिथे नवे हमखास अडकतात ते इथे:

- दोषारोपपत्र तारखेच्या सकाळी उघडणं. पंचनामा, मुद्देमाल पावती, लॅब अहवाल यांतले सील नंबर आधीच जुळवा; उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.
- सीसीटीव्ही फुटेज आहे, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम 63(4) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र नाही. भाग अ (पुरावा देणाऱ्याने भरायचा) आणि भाग ब (तज्ज्ञाने भरायचा), दोन्ही हवेत.
- पोलिसांचे वकील असल्यासारखं वागणं. तुम्ही राज्याचे!

अपील करावं की नाही यावरचे अभिप्राय द्यायला नंतर शिकाल.