मेंदूच खर्चिक असेल तर?

पूर्वी खर्चिक माणसं पत्रिकेतल्या व्ययस्थानाकडे बोट दाखवायची. आता मेंदूकडे दाखवतात. "मॅडम, माझ्या मेंदूची रचनाच अशी आहे, मी काय करणार?" हे कॉलेजातल्या मुलांपासून निवृत्तीला टेकलेल्या गृहस्थांपर्यंत अनेकांनी मला ऐकवलंय. काहींना खरोखर काळजी वाटत असते, काहींना सबब हवी असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं असतं.

अशाच एक शिक्षिका नवऱ्यासोबत माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पार्सलं शेजारच्या काकूंकडे उतरवून घ्यायची, क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरायची आणि उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढू द्यायचं, असं बरेच दिवस चाललं होतं. नवऱ्याला कळलं ते बँकेच्या फोनवरून.

"खर्चिक माणसांचा मेंदू वेगळाच असतो, मी व्हिडिओ पाहिलाय," त्या म्हणाल्या. "मग यांनी मला बोलून काय उपयोग?"

व्हिडिओ अगदीच थाप नव्हता. 2007 साली ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून आधी वस्तू दाखवली, मग किंमत, आणि मग विचारलं, घेणार का? वस्तू आवडली की मेंदूच्या खोल भागातलं न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्स हे केंद्र जागं व्हायचं. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला हा भाग चाळवायचा. नकोसं, त्रासदायक काही घडतंय ही जाणीव इन्सुलाशी जोडलेली आहे. म्हणजे पैसे देताना काहीतरी टोचतं. ही टोचणी कुणाला फार होते, कुणाला जवळजवळ होतच नाही. स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तेरा हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली, तेव्हा हात आखडणारे आणि हात सैल सोडणारे यांचं प्रमाण तीनास दोन निघालं. आखडणारेच जास्त!

हे मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला, नवऱ्याचा पडला. मग नवरा सहज तक्रारीच्या सुरात बोलून गेला, "आणि हीच बाई आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडते हो!"

मी तिथेच थांबले. "बाजारात पैसे कसे देता?"

"रोखच. सगळ्यांकडे यूपीआयचा स्कॅनर नसतो. आणि पाचशेची नोट मोडायची म्हटलं की जिवावर येतं माझ्या."

"आणि परवाचा तेराशेचा कुर्ता?"

"तिथे काही मोडावं लागतच नाही ना," असं म्हणाल्या आणि स्वतःच गप्प झाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "अहो, म्हणजे मला टोचतं. बाजारात टोचतं."

इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच वाट्याला येतात. माझ्या शंभर वाक्यांनी झालं नसतं ते त्यांच्या एका वाक्याने झालं. (प्रश्न मात्र माझा होता, एवढं श्रेय मी घेते.) डोकं तेच, बाई तीच. मंगळवारी बाजारात कंजूष आणि बुधवारी रात्री अंथरुणात मोबाइल हातात घेतल्यावर उधळी. मेंदूची घडण फार तर टोचणी किती तीव्र असेल ते सांगते. ती कुठे उमटेल आणि कुठे दबेल हे पैसे देण्याच्या पद्धतीवर बरंच अवलंबून असतं. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा 2001 चा प्रयोग हेच दाखवतो. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डवाल्यांनी रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली.

शिवाय मेंदूची रचना दगडावरची रेघ नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांवर 2000 साली झालेल्या अभ्यासात, रस्ते लक्षात ठेवायला लागणारा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात मोठा आढळला, आणि नोकरीची वर्षं जास्त तसा तो अधिक मोठा. तेव्हा स्कॅनमधला फरक दिसला म्हणजे तो जन्मजातच, असं कुणी ठामपणे सांगू लागलं तर मी आधी त्याचा हेतू पाहते.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे. मोह आणि बटण यांच्या मधे माणूस स्वतःशी काय बोलतो, ते मी शोधते. बाईंचं वाक्य होतं, "दिवसभर राबते, मला एवढं मिळायलाच हवं." त्यातला 'च' काढायला आम्हाला वेळ लागला. बाकीची व्यवस्था साधी होती. अ‍ॅपमध्ये साठवलेला कार्डाचा नंबर काढून टाकला. पगारातून ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोडलं. खर्च रोज रात्री वहीत, हाताने लिहायचा. नवऱ्याने वही तपासायची नाही, ही अट माझी. पहारेकरी बसवला की टोचणी आपली न राहता त्याची होते, आणि पार्सलं पुन्हा काकूंकडे उतरू लागतात.

आता नवऱ्याकडे. ते स्वतःला काटकसरी समजत होते. पण काटकसर करणाऱ्याला पैसा वाचवण्यात आनंद असतो, यांना खर्च करण्यात वेदना होती. रूट कॅनाल करून दातावर कॅप बसवायची राहिली होती, कारण "एवढे पैसे?" अशा माणसाला मी उलटं सांगते: आरोग्य, प्रवास यांची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा, एकदाच काय ते टोचू दे. आखडते आणि सैल हात एकमेकांशी लग्न करतात आणि मग पैशावरून भांडतात, हेही रिक यांच्या 2011 च्या अभ्यासात दिसलंय. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या खोलीतल्या दोन खुर्च्यांवर हीच जोडी बसलेली असते.

एका बाबतीत मात्र 'मेंदूमुळे होतंय' हे मी लगेच गंभीरपणे घेते. आयुष्यभर जपून वागलेला माणूस उतारवयात अचानक उधळू लागला, तर स्वभावावर वाद न घालता न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावं. मेंदूच्या पुढच्या भागाला होणाऱ्या डिमेन्शियात असं होतं. पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनीही काहींना खरेदीची किंवा जुगाराची अनावर ओढ लागते. हा नोंदवलेला दुष्परिणाम आहे आणि डोस बदलल्यावर तो बहुधा ओसरतो. झोप न लागता उत्साह ओसंडतोय आणि त्यात पैसे उडताहेत, असं तरुण माणसात दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. बिलं आणि औषधांची चिठ्ठी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. बिलं दाखवायला लाज वाटते म्हणून पुष्कळ घरांत हे महिनोन् महिने लपून राहतं.