जर्मन अनेकवचन: आधी लिंग बघा, मग शेपूट

तुम्ही विचारलंय की जर्मनच्या ए-वनचा (पहिल्या पातळीचा) क्लास सुरू होऊन तीन आठवडे झाले, किंट-किंडर (मूल), हुंट-हुंडऽ (कुत्रा), आउटो-आउटोस (गाडी), लेरर-लेरर (शिक्षक) अशी प्रत्येक शब्दाची तऱ्हा वेगळी दिसते, तर यात काही नियम आहे की सगळं घोकायचं? मी बरीच वर्षं जर्मन शिकवते आणि हा प्रश्न दर बॅचला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतोच. नियम आहेत. फक्त ते शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होत नाहीत, लिंगापासून सुरू होतात. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच, कारण आपण जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेनं जातो आणि इंग्रजीत नामाला लिंग बघायची सवयच नसते.

मराठीच्या वाटेनं गेलात तर निम्मं काम आधीच झालेलं आहे. नामाआधी लागणारे डेअर, डी, डास (यांनाच आर्टिकल म्हणतात) म्हणजे आपलेच तो, ती, ते. मुलगा-मुलगे, नदी-नद्या, अंडं-अंडी हे आपण लिंगावरूनच करतो. दगड, उंदीर, देव या पुल्लिंगी शब्दांचं अनेकवचनात काहीच बदलत नाही, त्यामुळे लेरर-लेरर बघून दचकायचं कारण नाही. आणि बेभरवशाच्या जागा आपल्याकडेही आहेतच. माळ-माळा, वेळ-वेळा, पण ओळ-ओळी. का? कुणा परदेशी माणसाला विचारून बघा, तो हतबल होईल. आपण मात्र कानानं शिकलो.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. इथे जर्मन शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, स्पेलिंग शब्दकोशातून घ्या. शेवटी ऽ आहे तिथे रोमन ई (e) हे अक्षर असतं आणि ते तोंडातल्या तोंडात, अर्धवट 'अ'सारखं म्हणायचं.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी या. चमचा, काटा, सुरी. जर्मनमध्ये या तिघांची तीन लिंगं आहेत: डेअर ल्योफल, डी गाबल, डास मेसर. अनेकवचनात तिघांनाही डी लागतं, कारण अनेकवचनात लिंगभेद पुसला जातो. डी ल्योफल, डी गाबल्न, डी मेसर. बघा, चमचा आणि सुरी जशीच्या तशी राहिली, काट्याला मात्र शेवटी एन लागला. का, ते एकदा समजून घ्या, म्हणजे अर्धं प्रकरण उलगडेल. चमच्याचं डेअर जाऊन डी आलं, सुरीचं डास जाऊन डी आलं, म्हणजे एक की अनेक हे नुसत्या आर्टिकलवरून कळलं. काट्याचं आर्टिकल आधीही डी आणि नंतरही डी. शब्दही तोच ठेवला तर ऐकणाऱ्याला एक काटा की चार काटे हे कळणार कसं? म्हणून स्त्रीलिंगी शब्दाला काहीतरी खूण लागतेच, आणि बहुतेक वेळा ती एन किंवा ई-एन असते.

त्यामुळे स्त्रीलिंगी शब्दांत तुम्ही सगळ्यात लवकर तरबेज व्हाल. ब्लूमऽ-ब्लूमन, लांपऽ-लांपन, फ्राउ-फ्राउएन, ऊर-ऊरन, श्वेस्टर-श्वेस्टर्न. शेवटी उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन असलेले शब्द स्त्रीलिंगी असतात आणि त्यांना डोळे मिटून ई-एन लावा: त्साइटुंग-त्साइटुंगन, वोनुंग-वोनुंगन. लेररिन म्हणजे शिक्षिका, तिथे एन दुप्पट होऊन ई-एन लागतो. अपवाद आहेत, पण ते रोजच्या वापरातले असल्यामुळे आपोआप तोंडी बसतात: हांट-हेंडऽ, श्टाट-श्टेटऽ, नाख्ट-नेश्टऽ, वांट-वेंडऽ, माउस-मॉयझऽ. आई आणि मुलगी या दोघी तर फक्त स्वर बदलतात, मुटर-म्यूटर आणि टोख्टर-ट्योश्टर. शेपूट न लागता नुसता स्वर बदलणारे स्त्रीलिंगी शब्द रोजच्या भाषेत हे दोनच.

पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांमध्ये आधी शेवट बघा. ई-एल, ई-एन, ई-आर किंवा शेन आणि लाइन असेल तर शेपूट नाही: लेरर, फेन्स्टर, वागन, मेडशेन. यातल्या काहींचा स्वर मात्र बदलतो. आप्फल-एप्फल, फाटर-फेटर, ब्रूडर-ब्र्यूडर, गार्टन-गेर्टन. हा बदल कानाला फार बारीक लागतो. फ्रायबुर्गच्या कॅथीड्रलसमोर बाजार भरतो, तिथे पहिल्याच महिन्यात मी 'त्स्वाय आप्फल' मागितली होती. बाईंनी दोन सफरचंदं पिशवीत घातली आणि माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाल्या, 'त्स्वाय एप्फल.' रागावून नव्हे, आपल्याकडे आजी नातवाचं बोलणं दुरुस्त करते तसं. तो 'ए' अजून कानात आहे.

हा स्वरबदल म्हणजे उमलाउट, अक्षरावरची दोन टिंबं. तो उगाच आलेला नाही. जुन्या जर्मनमध्ये पाहुणा म्हणजे गास्ट आणि पाहुणे म्हणजे गेस्टी. शेवटी इ येणार आहे हे जिभेला आधीच ठाऊक असायचं, म्हणून 'आ' म्हणतानाच ती पुढे सरकायची आणि 'ए' व्हायचा. शेवटची इ शतकांच्या ओघात झिजली, बदललेला स्वर राहिला. आज गास्ट-गेस्टऽ. उच्चार करताना 'यू'साठी जीभ 'ई'ची ठेवा आणि ओठ 'ऊ'चे करा, 'यो'साठी जीभ 'ए'ची आणि ओठ 'ओ'चे. आरशासमोर पाच मिनिटं केलंत की जमतं.

उरलेल्या पुल्लिंगी शब्दांचा सर्वसाधारण कल ई लागण्याकडे: टाक-टागऽ, हुंट-हुंडऽ, शू-शूऽ. श्टूल-श्ट्यूलऽ, बाउम-बॉयमऽ, त्सूक-त्स्यूगऽ यांना टिंबंही लागतात, टाक आणि हुंटला लागत नाहीत. कुणाला लागतात याचा खात्रीचा नियम नाही, इथे घोकावंच लागतं. मान-मेनर आणि वाल्ट-वेल्डर असे थोडे ई-आरवालेही आहेत. माणसं दाखवणारे श्टुडेंट, युंगऽ, हेअर हे ई-एन किंवा एन घेतात.

नपुंसकलिंगात ई आणि ई-आर यांची वाटणी आहे. यार-यारऽ, ब्रोट-ब्रोटऽ, हेफ्ट-हेफ्टऽ एकीकडे, किंट-किंडर, बूख-ब्यूशर, हाउस-हॉयझर दुसरीकडे. ई-आरची गोष्ट मला फार आवडते. जुन्या जर्मनमध्ये हे शेपूट मोजक्याच नपुंसकलिंगी शब्दांना होतं आणि ते जवळजवळ सगळे गोठ्या-खुराड्यातले: कोकरू, वासरू, कोंबडी, अंडं. आजही लाम-लेमर, काल्प-केल्बर, हून-ह्यूनर, आय-आयर. आपल्याकडेही कोकरू, वासरू, पिल्लू, अंडं नपुंसकलिंगीच! पुढे हे शेपूट इतर शब्दांमध्ये पसरलं. एक गोष्ट मात्र पक्की धरा: ई-आर लागला आणि शब्दात आ, ओ, उ किंवा आउ असला, तर टिंबं पडतातच. आउगऽ, ओअर, बेट, हेम्ट (डोळा, कान, पलंग, शर्ट) हे मात्र स्त्रीलिंगी शब्दांसारखा एन किंवा ई-एन घेतात.

एस सगळ्यात सोपा. बाहेरून आलेले आणि स्वरावर संपणारे शब्द: आउटोस, किनोस, ब्यूरोस, ओमास, होटेल्स. हँडी, हॉबी, बेबी यांचा वाय इंग्रजीसारखा बदलायचा नाही, नुसता एस जोडायचा. म्यूझेउम-म्यूझेएन, टेमा-टेमन हे थोडे पुढच्या पातळीचे, ते आले की बघा.

एका जागी देवनागरी रोमनपेक्षा जास्त उपयोगी पडते. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी डी किंवा जी आला की तो सहसा 'ट' किंवा 'क' ऐकू येतो, आणि पुढे स्वर आला की मूळ आवाज परत येतो. किंट पण किंडर. टाक पण टागऽ. स्पेलिंग बघून बोलणारी मुलं एकवचनात 'किंड' म्हणतात. वहीत देवनागरीत दोन्ही रूपं शेजारी लिहिलीत की ही चूक होतच नाही.

वहीचंच सांगायचं तर, शब्दकोशात नामापुढे आडवी रेघ आणि शेपूट दिलेलं असतं, रेघेवर दोन टिंबं असली तर स्वर बदलायचा. ती खूण वाचायला शिका, पण वहीत उतरवू नका. पूर्ण शब्द लिहा आणि मोजून म्हणा: आइन श्टूल, त्स्वाय श्ट्यूलऽ. आइन बूख, त्स्वाय ब्यूशर. नुसतं 'श्टूल म्हणजे खुर्ची' असं पाठ केलेला शब्द मी अर्धाच शिकलेला धरते, कारण पुढे लिंग आणि अनेकवचन वेगळं शिकायला दुप्पट वेळ जातो. रोज दहा शब्द पुरेत.

आता महिन्याभरात तुम्ही डाटिवपाशी, म्हणजे साधारण आपल्या 'ला-ना'च्या विभक्तीपाशी, पोचाल, तेव्हाची तयारी आत्ताच करून ठेवा. तिथे अनेकवचनाला शेवटी आणखी एक एन लागतो: डी किंडर, पण मिट डेन किंडर्न (मुलांबरोबर). मुळात एन किंवा एस असेल तर लागत नाही, मिट डेन आउटोस. वर्गात इथे सगळे वैतागतात. तुम्ही वैतागू नका, कारण आपण मुलाला म्हणतो आणि मुलांना म्हणतो. मुलाशी आणि मुलांशी. घरात आणि घरांत. प्रत्यय लागायच्या आधी अनेकवचनाला आपण जो अनुस्वार देतो, तीच जागा आणि जवळजवळ तोच नाकातला आवाज. मुलांना, डेन किंडर्न. दोन्ही एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

मापांच्या बाबतीतही असंच. आपण दोन किलो, दोन ग्लास पाणी म्हणतो, पण दोन बाटल्या, दोन वाट्या. जर्मनही त्स्वाय किलो, त्स्वाय ग्लास वासर म्हणतो, पण बाटली स्त्रीलिंगी म्हणून त्स्वाय फ्लाशन वासर. चष्मा आणि पँट इंग्रजीत अनेकवचनी, जर्मनमध्ये आपल्यासारखेच एकवचनी: आइनऽ ब्रिलऽ, आइनऽ होझऽ. म्हणून वहीत अर्थ लिहिताना इंग्रजी नको, मराठीच लिहा. तुमच्या पुस्तकातल्या पहिल्या तीन धड्यांतली नामं लिंगाप्रमाणे तीन पानांवर वेगळी करून इथे टाका, मी बघून देते.