शेजारचा मित्र लांब आणि अमेरिका जवळ?

प्रश्न : मी कोल्हापूरला राहतो. पुढच्या गल्लीतल्या मित्राकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे, स्टॅटिक आयपीवालं (म्हणजे नेटवरचा पत्ता न बदलणारं). त्याला पिंग केलं (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजला) तर 34 मिलिसेकंद, आणि गुगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला फक्त 9! गुगल तर अमेरिकेत ना? ट्रेसराउटमध्ये (वाटेतले थांबे दाखवणाऱ्या यादीत) मधेच चांदण्या (*) येतात त्या काय? आणि या अंतरांचा नकाशा काढता येतो का?

उत्तर : आधी एक हिशोब पाठ करून टाका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो, आणि पिंग म्हणजे जाऊन-येऊन, म्हणजे 1 मिलिसेकंदाला फार तर 100 किमी अंतर. तुमचे 9 म्हणजे जास्तीत जास्त 900 किमी, त्यात अमेरिका बसतच नाही! 8.8.8.8 हा एकच पत्ता जगात बऱ्याच ठिकाणच्या मशीनवर ठेवलाय, तुम्हाला जवळचं कुठलं तरी उत्तर देतं.

मित्राचं म्हणाल तर दोन कंपन्यांच्या लाइनी तुमच्या गल्लीत जोडलेल्या नसतात, त्या जिथे भेटतात तिथपर्यंत पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) जावंच लागतं, मग ते मुंबई असो नाहीतर पार चेन्नई. ट्रेसराउटमधली राउटरची (वाटेत पॅकेट पुढे धाडणाऱ्या यंत्रांची) नावं नीट वाचा, बरेचदा विमानतळाचे कोड असतात, बीओएम दिसलं की मुंबई, एमएए म्हणजे चेन्नई (शहरांची नावं बदलली पण कोड अजून बॉम्बे-मद्रासचेच!).

ट्रेसराउटची युक्ती भारी आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, दर राउटर तो एकाने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो. म्हणून आधी 1 लिहून पाठवायचं, मग 2, मग 3, वाटेतला एकेक जण आपणहून पत्ता सांगतो. काही राउटर गप्प बसतात, त्या चांदण्या. पुढच्या ओळी येतायत ना, मग काळजी नको.

नकाशा निघतो, पण स्वतःला मध्ये ठेवून. 10, 50, 100 मिलिसेकंदाची वर्तुळं काढा आणि त्यावर ठिपके द्या. सगळ्यांचं सगळ्यांशी अंतर मात्र एका कागदावर बसवायला जाऊ नका, समजा तुम्ही ते मुंबई 9, मुंबई ते मित्र 10 आणि तुम्ही ते मित्र थेट 34, असला त्रिकोण काढून दाखवा बरं!

आणि एकदाच मोजून थांबू नका, वीसेक पिंग मारा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. वरचे बाकीचे मिलिसेकंद ट्रॅफिकचे किंवा तुमच्या वायफायचे.