निपाणीच्या घरी विंडोज १० चा जुना संगणक आहे, ११ कधी टाकावं?

मशीन २०१६ चं, आई-बाबा बँकेचे व्यवहारही त्यावरच करतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे टाळू नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक चालू राहतो, पण नवी सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

आधी 'पीसी हेल्थ चेक' (संगणकावर ११ चालेल का हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत ॲप) चालवून बघा. ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. २०१६ चं मशीन बहुतेक बसणार नाही, आणि पळवाटा काढून बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, नाहीतर नवं मशीन घ्या.

बसत असेल तर फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन मगच सुरुवात करा. आमच्या खानापुरात पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यूपीएसशिवाय हात लावूच नका. बाबा मराठी-कन्नड दोन्ही टाइप करत असतील तर जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर ११ वर चालतं का, तेही आधीच विचारून घ्या.