आरोग्याची आश्वासने कशी वाचावीत?

प्रश्न : निवडणूक आली की प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात आरोग्य असतेच. आमच्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाची इमारत उत्तम आहे. परंतु भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असल्याने अडलेल्या बाळंतिणीला जिल्ह्याच्या गावी हलवावे लागते. सरकारी दवाखाने टिकावेत आणि सुधारावेत असे खरोखर कोणत्या पक्षाला वाटते, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : आश्वासन विम्याचे आहे की दवाखान्याचे, हे आधी पाहावे. राज्यात 2012 मध्ये काँग्रेस आघाडीच्या काळात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, भाजप-शिवसेना सरकारने 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव दिले आणि 2023 मध्ये तिचे संरक्षण 5 लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत घेण्याचे, तर काँग्रेसने 25 लाखांपर्यंतच्या रोकडरहित विम्याचे वचन दिले. म्हणजे या दोन मोठ्या पक्षांतील चढाओढ बव्हंशी विम्याच्या रकमेवर आली आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मात्र विम्यावर आधारलेल्या प्रारूपाला विरोध करून सार्वजनिक व्यवस्थेवरील खर्च वाढवा, असे सांगत आला आहे.

विमा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण कार्डावर हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या कुटुंबाला त्याचे मोल ठाऊक असते. परंतु ही योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यातून मिळत नाही, आणि जिथे भूलतज्ज्ञच नाही तिथे कितीही लाखांचे कार्ड त्या बाळंतिणीच्या कामी येत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे चांगलेच झाले. तरीही केसपेपर मोफत आणि औषध मात्र ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हाती पडली, तर त्या निर्णयाचा अर्थ काय उरतो?

म्हणून उमेदवाराला पैशांविषयी आणि माणसांविषयी विचारावे. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले आहे; त्यासाठीची 2020 ची मुदत उलटून गेली, तरी महाराष्ट्र तिथे पोहोचलेला नाही आणि सत्तेवर आलेल्या बहुतेक सर्व पक्षांकडे याची जबाबदारी जाते. रिक्त पदे किती महिन्यांत भरणार, कंत्राटी परिचारिकांना कायम करणार का, औषधखरेदी वेळेवर कशी होणार, याचे उत्तर मुदतीसह लेखी मागावे.

शिवाय ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते. त्यामुळे भूलतज्ज्ञाचा प्रश्न तुमच्या आमदारापुढे मांडावा, आणि गावाजवळच्या केंद्रात डॉक्टर मुक्कामी राहतो की नाही, हे जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्याला विचारावे.